अवयवी कोठे गेला?

31 डिसेंबर 2018 रोजी जर्मनीतील 'व्हिवा' नावाची संगीतवाहिनी कायमची बंद झाली, आणि बंद होता होता तिने जे शेवटचे गाणे लावले ते तेच होते, जे 1 डिसेंबर 1993 रोजी कोलोन शहरातून प्रसारणाचा श्रीगणेशा करताना तिने सर्वांत आधी लावले होते: श्टुटगार्टच्या 'दी फान्टास्टिशेन फिअर' या चौकडीचे 'झू गाइल फ्यूर डीझे वेल्ट'. या दोन वादनांच्या मध्ये 25 वर्षे आणि जवळजवळ एक महिना लोटला होता. ही योजना करणाऱ्या कारभाऱ्यांचा हेतू भावनेचा, फार तर नाट्याचा असावा; परंतु त्यांच्या नकळत त्यांनी असा एक प्रश्न पुढ्यात आणून ठेवला, की ज्यावर आपल्याकडे मीमांसक, नैयायिक आणि बौद्ध यांनी पिढ्यान्पिढ्या एकमेकांशी वाद घालून तर्कशास्त्राला धार आणली. गाणे पहिल्या दिवशी जसे होते तसेच शेवटच्या दिवशीही होते. वाहिनी बंद पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते ज्याला ऐकायचे त्याला ऐकायला मोकळे होते. आणि त्या एका गाण्याची जी गोष्ट तीच त्या वाहिनीवरून 25 वर्षांत वाजलेल्या बहुतेक गाण्यांची. मग त्या दिवशी नाहीसे झाले ते नेमके काय?

परदेशी, त्यातही व्यापारी, आणि त्यातही पोरवयाच्या प्रेक्षकांसाठी काढलेल्या एका वाहिनीच्या अवतारसमाप्तीवर तत्त्वचर्चा करणे हा काही वाचकांस शास्त्राचा उपमर्द वाटेल. पण शास्त्रकारांनी स्वतः दृष्टान्त घेतले ते घटाचे, पटाचे, दोरीचे आणि शिंपल्याचे. सत्तेचे स्वरूप समजून घेण्यासाठी मेरुपर्वत किंवा क्षीरसागर पाहिजे असे त्यांना कधी वाटले नाही. कुंभाराच्या आव्यातून निघणारे मडके जर त्या विचाराला पुरत असेल, तर कोलोनच्या एका स्टुडिओतून निघणारी गाण्यांची मालिका अपुरी ठरण्याचे कारण मला दिसत नाही. उलट मडक्यापेक्षा ती अधिक उपयोगी आहे, कारण मडके फुटले म्हणजे खापऱ्या तरी हाती लागतात; येथे अवयव सगळे शाबूत राहून अवयवीच, म्हणजे अवयवांनी बनलेले संपूर्णच, तेवढे गेले.

प्रथम हकीकत सांगितली पाहिजे. युरोपात 1987 च्या ऑगस्टपासून 'एमटीव्ही युरोप' ही मूळ अमेरिकन घराण्याची वाहिनी चालू होती. ती इंग्रजी बोले, तिचा कारभार लंडनहून चाले, आणि लंडनच्या कचेरीला जे पसंत पडे तेच खंडभरच्या तरुणांच्या दिवाणखान्यांत दिसे. जर्मन भाषेत गाणाऱ्यांची त्या दरबारात फारशी दाद लागत नसे. ही तक्रार घेऊन जी मंडळी पुढे झाली त्यांत डीटर गोर्नी हा मुख्य होता. शास्त्रीय वाद्यवृंदातले डबल बेस हे भारदस्त वाद्य शिकून हा गृहस्थ लोकप्रिय संगीताच्या व्यवहारात उतरला होता आणि कोलोनला भरणाऱ्या 'पॉपकॉम' या संगीतव्यवसायाच्या जत्रेचा तो प्रवर्तक होता. त्याच्या जोडीला रूडी डोलेझाल आणि हान्नेस रोसाखर हे दोघे व्हिएन्नावासी दिग्दर्शक होते, ज्यांनी 'क्वीन'सारख्या इंग्रज आणि फाल्कोसारख्या ऑस्ट्रियन कलावंतांचे गीतपट काढून नाव कमावले होते. भांडवल आले ते वॉर्नर, सोनी, पॉलिग्राम आणि ईएमआय या चार ध्वनिमुद्रण कंपन्यांकडून. म्हणजे जर्मन भाषेवरील अन्यायाचे परिमार्जन करण्यास अनुक्रमे एक अमेरिकन, एक जपानी, एक डच आणि एक ब्रिटिश सावकार पुढे आला. अशा विनोदावाचून इतिहासाचे पान उलटत नाही.

या व्यवस्थेतील जी गोष्ट माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची, ती अशी की वाहिनीच्या पदरी स्वतःचे म्हणता येईल असे जवळजवळ काहीच नव्हते. गाणी गायकांची, त्यांचे हक्क कंपन्यांचे, गीतपट त्या कंपन्यांच्याच खर्चाने तयार होऊन येणारे, उपग्रह दुसऱ्याचा, केबलची तार तिसऱ्याची, प्रसारणाचा परवाना सरकारमान्य मंडळाने दिलेला आणि तोही मुदतीचा. राहता राहिला तो क्रम: या गाण्यामागून ते गाणे, त्यामागून निवेदकाचे दोन शब्द, मग जाहिरात, मग पुन्हा गाणे. त्या दोन शब्दांना मात्र एक निराळी चव होती. निवेदक म्हणून जी पोरे त्यांनी उभी केली त्यांच्यापैकी श्टेफान राब हा कोलोनचाच, आईबापांच्या मांसविक्रीच्या दुकानात खाटकाचा रीतसर धंदा शिकलेला. हाइके माकाच ही पुढे चित्रपटात गेली. मोला आदेबिसी हा वाहिनीच्या पहिल्या वर्षापासून पडद्यावर दिसला तो दहा वर्षे दिसत राहिला. ही मंडळी चुकत, अडखळत, मध्येच हसत. 'इंटरॲक्टिव्ह' नावाच्या कार्यक्रमात प्रेक्षक दूरध्वनी करून प्रत्यक्ष बोलत. आणि ज्या जर्मन दूरचित्रवाणीवर वृत्तनिवेदकाचे हसणेही पूर्वसंमतीने होत असावे असा भास होई, तिथे हे सगळे म्हणजे घराची खिडकी उघडण्यासारखे झाले.

तर असा हा केवळ क्रम, ज्याच्या पोटात येणारी प्रत्येक वस्तू परकी होती, तो स्वतः एक वस्तू होता काय? बौद्धाचे उत्तर तयार आहे. नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला त्याच्याच रथाविषयी विचारले होते, की चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय; आणि प्रत्येक वेळी नकार आल्यावर राजाला कबूल करावे लागले, की रथ हे केवळ व्यवहारासाठी दिलेले नाव आहे. त्याच रीतीने पाहिले तर व्हिवा म्हणजे गाणी नव्हेत, निवेदक नव्हेत, कोलोनची इमारत नव्हे, उपग्रह नव्हे. तेव्हा व्हिवा हे नाव तेवढे होते, आणि 31 डिसेंबरला एका नावाचा वापर थांबला, यापलीकडे काही घडले नाही. ज्या देशात ही वाहिनी होती त्या देशाचा सर्वांत कुशाग्र तत्त्वज्ञ लाइबनित्स हाही येथे नागसेनाच्याच पंक्तीला बसला असता. जे खरोखर एक नाही ते खरोखर वस्तूही नाही, असे त्याचे म्हणणे. मेंढरांचा कळप, सैन्य, दगडांचा ढीग यांना जे एकत्व आपण देतो ते आपल्या मनातले. फ्रेंच पंडित आर्नो याला 1686 मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने दोन हिऱ्यांचे उदाहरण घेतले आहे: एक तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकचा आणि दुसरा मोगल बादशहाचा. या दोहोंना मिळून एक नाव देता येईल, त्यांना एकमेकांजवळ आणून ठेवताही येईल, पण तेवढ्याने त्यांची एक वस्तू होणार नाही. हानोव्हरला बसून लाइबनित्स हे लिहीत होता त्याच साली तो मोगल बादशहा दक्षिणेत विजापूर जिंकून आदिलशाही आपल्या राज्याला जोडत होता. आणि जोडण्याने दोहोंचे एक होते की नाही या प्रश्नाचे उत्तर त्याला पुढे मराठ्यांनी वीस वर्षे दिले.

नैयायिकाला हे मान्य नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या आह्निकात अवयवीचा आणि दुसऱ्या आह्निकात शब्दाच्या अनित्यत्वाचा विचार आला आहे, आणि संगीतवाहिनीच्या मरणाची चिकित्सा करू पाहणाऱ्याला या दोन आह्निकांचे शेजार ही मोठीच सोय आहे. अवयवी हा अवयवांहून वेगळा आहे याला गौतम जे प्रमाण देतो ते पुस्तकी नाही, हाताचे आहे. घागर काठाला धरून उचलली तर सगळी घागर येते. दोरीचे एक टोक ओढले तर सगळी दोरी येते. केवळ परमाणूंचा ढीग असता तर जेवढे धरले तेवढेच हातात आले असते. धारण आणि आकर्षण, म्हणजे धरणे आणि ओढणे, या दोन क्रिया संपूर्णावर चालतात म्हणून संपूर्ण आहे. यावर पूर्वपक्षी सैन्याचा आणि वनाचा दृष्टान्त पुढे करतो, की दुरून पाहणाऱ्याला एक दिसते पण असते अनेक. आणि लाइबनित्सनेही सैन्याचाच दाखला घ्यावा हा योगायोग मौजेचा आहे.

ही धरण्या-ओढण्याची कसोटी व्हिवाला लावता येते काय, याचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे येते ती एक व्हीएचएस कॅसेट. त्या काळी आवडते गाणे जवळ ठेवायचे तर जर्मन घरातली मुले दूरचित्रवाणीला जोडलेल्या मुद्रणयंत्रात कोरी कॅसेट घालून, बटणावर बोट ठेवून तासन् तास वाट पाहत बसत. गाणे केव्हा येईल ते ठाऊक नसे. आले की बटण दाबायचे, पण यंत्राला चाते फिरवून मुद्रण सुरू करायला क्षणभर लागे आणि तेवढ्यात गाण्याचा आरंभ हुकलेला असे. उलट संपताना हात वेळेवर न उठल्यामुळे पुढल्या गाण्याचा तुकडा, निवेदकाचे अर्धे वाक्य, एखाद्या शाम्पूच्या जाहिरातीची सुरुवात, असे काहीबाही मागे चिकटून येई. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गायकाचे, गीताचे आणि कंपनीचे नाव काही सेकंद उमटून मावळे, वर एका बाजूला वाहिनीचे चिन्ह स्थिर असे, आणि चित्रावर मुद्रणाच्या दोषाने आलेली थरथरती रेघ असे. अशा जुन्या कॅसेटी पुढे लोकांनी संगणकावर चढवल्या, आणि त्या पाहणाऱ्याच्या ध्यानात येते की मुलाने ओढले होते एक गाणे, पण त्याच्याबरोबर आली ती वाहिनी: तो क्रम, ती घाई, ते वर्ष. आता तेच गाणे आपण पाहिजे तेव्हा यूट्यूबवरून ओढून काढतो. ते आरंभापासून अंतापर्यंत स्वच्छ, निर्दोष येते. त्याच्यामागे काहीही ओढले जात नाही. गौतमाच्या कसोटीने पहिल्या ठिकाणी अवयवी आहे, दुसऱ्या ठिकाणी राशी आहे.

येथे एक खरीखुरी अडचण आहे, आणि ती दडपून पुढे जाणे बरे नव्हे. न्यायशास्त्रात पटाचे समवायी कारण तंतू आणि असमवायी कारण तंतूंचा संयोग. तंतू जसेच्या तसे राहिले तरी संयोग नष्ट झाला की पट नष्ट झाला. हे सूत्र आपल्या उदाहरणाला चपखल बसते असे वाटते खरे, पण तंतू एकाच वेळी नांदतात म्हणून त्यांचा संयोग होतो. गाणी एकामागून एक येतात, आणि दुसरे येते तेव्हा पहिले गेलेले असते. जे एकत्र कधीच नसतात त्यांचा संयोग कसला? हीच शंका वर्णांविषयी उठली होती. 'घट' या शब्दातला 'घ' उच्चारून संपल्याशिवाय 'ट' येत नाही, मग शब्द म्हणून जो कळतो तो कोठे असतो? वैयाकरण भर्तृहरीने उत्तर दिले की वर्ण येतात आणि जातात, परंतु त्यांच्याकरवी जो व्यक्त होतो तो अखंड असतो. शेवटच्या वर्णासरशी सगळा शब्द एकदम स्फुट होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी, 1905 च्या सुमारास, ग्योटिंगेनला हुस्सेर्लने कालजाणिवेवर जी व्याख्याने दिली त्यांतही उदाहरण सुरावटीचेच आहे: गेलेला सूर पूर्ण गेलेला नसतो, तो 'नुकताच गेलेला' या रूपाने जाणिवेत धरून ठेवलेला असतो, आणि म्हणूनच सुटे स्वर न ऐकू येता चाल ऐकू येते. दोघांचे मार्ग भिन्न. भर्तृहरी अखंडाला शब्दाच्या ठिकाणी मानतो, हुस्सेर्ल त्याला जाणिवेच्या ठिकाणी शोधतो. मला येथे जर्मन पंडित अधिक उपयोगी वाटतो, कारण गाण्यांच्या क्रमाला अर्थ असतो असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. पण तो क्रम कोणीतरी धरून ठेवीत होते, आणि ते धरणारे एकटे नव्हते, हे निश्चित.

कारण व्हिवाचे खरे वैशिष्ट्य गाण्यांत नव्हते, तसे ते केवळ क्रमातही नव्हते. ज्या क्षणी एखादे गाणे डॉर्टमुंडला लागे त्याच क्षणी ते लाइप्त्सिशलाही लागे, यात होते. देशाचे दोन तुकडे 3 ऑक्टोबर 1990 रोजी सांधले गेले त्याला तीनच वर्षे झाली होती. वडीलधाऱ्यांच्या आठवणींत सामाईक असे फार थोडे होते. पण दुपारी शाळेतून परतलेल्या चौदा वर्षांच्या दोन मुलांच्या मनांत, जुन्या सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, एकच चाल एकाच वेळी धरून ठेवलेली असे, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात 'काल पाहिलेस का?' एवढे विचारले की पुरे होई. न निवडलेली गोष्ट सामाईक असू शकते. निवडलेली गोष्ट बहुधा ज्याची त्याची असते. पंगतीत वाढपी ज्या क्रमाने वाढील त्या क्रमाने जेवणाऱ्यांत जो एकोपा असतो, तो कोठीत शिरून आपल्याला हवे ते हवे तेव्हा उचलणाऱ्यांत नसतो, मग कोठी कितीही भरलेली असो.

हे लिहिले म्हणजे लगेच कोणी त्या वाढप्याला देवपण देऊ लागेल, म्हणून दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. यदृच्छेने जे येईल त्यात संतोष मानणे ही वृत्ती आपल्या धर्मग्रंथांनी वाखाणली आहे. पण व्हिवावर जे 'येई' ते यदृच्छेने येत नव्हते. क्रम ठरवणारी वाहिनी ज्यांच्या मालकीची त्यांच्याच तबकड्या विकायच्या होत्या, आणि गीतपट हा मुळात तबकडीची जाहिरातच असल्यामुळे, दोन जाहिरातींच्या मध्ये जी वस्तू दाखवली जाई तीही जाहिरातच असे. फ्रांकफुर्टचे तत्त्वज्ञ आडोर्नो जिवंत असते तर त्यांनी या धंद्याला पाचच मिनिटांत निकालात काढले असते, आणि त्या पाच मिनिटांतील बराचसा भाग खरा ठरला असता. तरी माझे म्हणणे एवढेच, की क्रम लावणाऱ्याचा हेतू हलका होता म्हणून क्रम मिथ्या होत नाही. देऊळ बांधणाऱ्या सरदाराच्या मनात पुण्यापेक्षा प्रतिष्ठा अधिक असू शकते. देवळात जमणारी माणसे त्याच्या मनात शिरून मग हात जोडीत नाहीत.

पुढला इतिहास थोडक्यात सांगून होण्यासारखा आहे. 1995 च्या मार्चमध्ये 'व्हिवा त्स्वाय' ही धाकटी बहीण निघाली. तिच्यावर जे चाले ते अधिक विक्षिप्त, अधिक मनःपूत आणि, खरे सांगायचे तर, अधिक चांगले होते. शार्लोट रोश या निवेदिकेचा 'फास्ट फॉरवर्ड' हा कार्यक्रम तिथलाच, ज्याला 2004 मध्ये ग्रिमे पारितोषिकाचा मान मिळाला, पण तोवर ती धाकटी वाहिनी बंद होऊन दोन वर्षे झाली होती आणि कार्यक्रम थोरलीच्या घरी नांदायला गेला होता. 2000 च्या जुलैमध्ये कंपनीचे समभाग फ्रांकफुर्टच्या 'नॉयर मार्क्ट' या नव्या बाजारात विकायला काढले गेले. तो बाजारच 2003 मध्ये मोडला. 2004 मध्ये जिच्याशी झुंजण्यासाठी व्हिवा जन्मली त्या एमटीव्हीच्या मालकांनी, म्हणजे व्हायकॉम कंपनीने, तिचे खरेदीखत करून घेतले, आणि पुढल्याच वर्षी बिऱ्हाड कोलोनहून बर्लिनला हलले. त्याच सुमारास पडद्याचा ताबा मोबाइलच्या रिंगटोन विकणाऱ्या जाहिरातींनी घेतला. 'जांबा' या कंपनीचा तो 'क्रेझी फ्रॉग' नावाचा बेडूक इतक्या वेळा आणि इतक्या कर्कशपणे ओरडे, की गाणी हीच त्याच्या दोन ओरडण्यांमधली विश्रांती भासू लागली. आणि एक रिंगटोन मागवणाऱ्या मुलाच्या माथी महिनेवारी वर्गणी बसून बापाचे बिल फुगत असल्याच्या तक्रारी घरोघर ऐकू येत. शेवटच्या काही वर्षांत तर दिवसाचे चोवीस तासही व्हिवाचे राहिले नाहीत. तीच फ्रीक्वेन्सी 'कॉमेडी सेंट्रल'शी वाटून घ्यावी लागली, जसे कर्जात बुडालेले घराणे आपल्याच वाड्यात दोन खोल्यांपुरते राहते.

तर मग ती मेली केव्हा? शेवटच्या दिवशी वाहिनी पाहणारे म्हणाले, 'ही तीच.' ही जी प्रत्यभिज्ञा, म्हणजे पूर्वी पाहिलेल्याची ओळख पटणे, तिच्याच जोरावर मीमांसक शब्दाचे नित्यत्व सिद्ध करतो: काल ऐकलेला 'ग' तोच आज ऐकला असे सर्वांस वाटते, म्हणून 'ग' एक आहे आणि नित्य आहे, उच्चार त्याला केवळ प्रकट करतो. बौद्ध हसून म्हणतो, की दिव्याची ज्योतही 'तीच' वाटते, कापून पुन्हा वाढलेले केसही 'तेच' वाटतात. गाण्यापुरते मीमांसकाचे म्हणणे सोडून द्यावेसे वाटत नाही, कारण यंत्राने मुद्रित केलेले गाणे खरोखरच प्रकट होण्याची वाट पाहत पडलेले असते आणि कोणीही, केव्हाही, कितीही वेळा त्याला प्रकट करू शकतो. पण वाहिनीपुरता बौद्ध जिंकतो. शहर गेले, मालक गेले, निवेदक गेले, बोलण्याची तऱ्हा गेली, तास गेले. ज्योत मात्र तीच दिसत राहिली, कारण पणतीवर नाव तेच होते.

ज्या शहरात ही वाहिनी जन्मली त्या शहराचे कॅथेड्रल येथे वादात साक्षीला बोलावता येते. त्याचा पाया 1248 मध्ये घातला गेला. सोळाव्या शतकात काम थांबले, आणि अर्ध्या बांधलेल्या दक्षिण मनोऱ्यावर दगड चढवण्याची लाकडी यारी 1868 पर्यंत तशीच उभी होती, इतकी की शहराच्या जुन्या चित्रांत ती मनोऱ्याचाच एखादा अवयव असल्यासारखी दिसते. काम पुरे झाले 1880 मध्ये. पण पुरे झाल्या दिवसापासून झिजलेले दगड काढून नवे बसवण्याचे काम तिथल्या पाथरवटांच्या संस्थेकडे अखंड चालू आहे. कोलोनचा रहिवासी त्याला तेच देऊळ म्हणतो. वैशेषिकाचा कडवा सिद्धान्त असा, की एक अवयव काढला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. म्हणजे एक दगड बदलला की जुने कॅथेड्रल मेले. हा सिद्धान्त तर्काला निर्दोष आणि व्यवहाराला असह्य आहे. पाथरवट जो दगड काढतो त्याच मापाचा, त्याच जागी, त्याच कामासाठी दुसरा बसवतो, आणि देवळात प्रार्थना थांबत नाही. व्हिवाच्या बाबतीत नुसते दगड बदलले नाहीत (गाणी नेहमी बदलतच होती, तो तर तिचा धर्म), बदलले ते दगड कोणत्या कामासाठी बसवायचे याचे उत्तर. जोवर ते उत्तर 'पुढे काय येते ते सर्वांनी मिळून पाहावे' असे होते तोवर वाहिनी जिवंत होती.

आणि या ठिकाणी एक पुरावा असा आहे की ज्यामुळे 'इंटरनेटने मारले' हे सोपे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. गेमा या जर्मन संगीतकारांच्या स्वामित्वशुल्क गोळा करणाऱ्या संस्थेचा आणि यूट्यूबचा दराविषयी तंटा 2009 पासून चालू होता, तो 1 नोव्हेंबर 2016 पर्यंत मिटला नाही. त्या अवधीत जर्मनीत असंख्य गीतपटांच्या जागी 'हा व्हिडिओ आपल्या देशात उपलब्ध नाही, क्षमस्व' अशा अर्थाची पाटी दिसे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दुकानाला सात वर्षे जणू सरकारी टाळे लागले होते. गाण्यांची भूक एवढीच जर वाहिनीची पुंजी असती तर त्या सात वर्षांत प्रेक्षक परत यावयास हवा होता. तो आला नाही. तो टाळे चुकवण्याच्या वाटा शोधीत बसला. त्याला गाणे पाहिजे होते, पण दुसऱ्याने लावलेल्या क्रमाने नको होते. स्वेच्छेची चव एकदा लागल्यावर वाट पाहणे त्याला जाचक झाले, आणि वाट पाहणारे उठून गेल्यावर क्रम धरून ठेवणारे कोणी राहिले नाही.

बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने सत्तेची कसोटी दिली ती अर्थक्रियेची: जे काही कार्य घडवते ते आहे, जे घडवीत नाही ते नाही. ही कसोटी अवयवी नाकारणाऱ्याची असली तरी मला ती अवयवीच्या बाजूने वापरावीशी वाटते. डॉर्टमुंड आणि लाइप्त्सिशच्या त्या दोन मुलांमध्ये जे घडले ते कोणत्याही एका गाण्याने घडवले नव्हते, आणि सगळी गाणी आज कोठारात उपलब्ध असूनही ते घडत नाही. तेव्हा घडवणारे दुसरे काही होते. बौद्ध यावर सामग्रीचा, म्हणजे कारणसमूहाचा, आश्रय घेईल: गाणी, तार, घड्याळ, दुपार आणि मुले एवढे जमले की कार्य होते, त्यासाठी सहावा पदार्थ कशाला? त्याला एवढेच विचारावे, की ही सामग्री एकदा विस्कटल्यावर गाणी, तार, घड्याळ, दुपार आणि मुले ही पाचही असूनसुद्धा पुन्हा का जमत नाही.

नैयायिकांनी अभावाचे प्रकार सांगितले आहेत त्यांत उत्पत्तीच्या आधीचा प्रागभाव अनादी पण सान्त असतो, आणि नाशानंतरचा प्रध्वंसाभाव सादी पण अनन्त असतो. व्हिवाचा प्रागभाव 1 डिसेंबर 1993 रोजी संपला, याविषयी दप्तरात आणि शास्त्रात एकवाक्यता आहे. प्रध्वंसाभावाचा आरंभ दप्तराने 31 डिसेंबर 2018 असा नोंदवला आहे. 1 जानेवारी 2019 पासून ती फ्रीक्वेन्सी दिवसाचे चोवीस तास 'कॉमेडी सेंट्रल'ची झाली. माझ्या मते ती नोंद बरीच उशिरा झाली, आणि खरी तारीख कोणत्याही कचेरीत सापडणार नाही, कारण ती घरोघर निराळी आहे. उद्या कोणी त्या नावाचा परवाना पुन्हा काढलाच, आणि जुन्या निवेदकांना गोळा करून, जुनी गाणी जुन्याच क्रमाने लावली, तर दप्तर म्हणेल की वाहिनी पुन्हा सुरू झाली. नैयायिक मात्र म्हणेल की या दुसरीच्या प्रागभावाचा अंत आत्ता कोठे झाला, आणि पहिलीचा प्रध्वंस जसा होता तसाच चालू आहे.